खाल्लेले अंगी कसे लागते?
ॲमिनो अम्लांचे आतड्यातील शोषण

लखनौ शहराच्या दक्षिणेस अमौसी येथे विमानतळ आहे. तेथून काही किलोमीटर पूर्वेस, रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. उत्तर प्रदेश राज्याच्या १९८३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली ही संस्था रुग्णालय आणि संशोधनकेंद्र अशी दोन्ही कामे करते. तिच्या जठर व आतड्यांच्या रोगांच्या विभागात एका विशिष्ट तक्रारीचे रुग्ण नेहमी येत असतात. त्यांच्या घरी अन्नाची वाण असतेच असे नाही. पुष्कळांचे जेवणही बेताचे नसते. तरी महिन्यामागून महिने त्यांचे वजन घटत जाते, वारंवार जुलाब होतात, चेहरा फिका पडतो आणि कधी कधी पायांवर सूज चढते.

मराठीत या अवस्थेचे वर्णन 'खाल्लेले अंगी लागत नाही' अशा मोजक्या शब्दांत करतात. हा शब्दप्रयोग घरगुती असला तरी शास्त्रीय दृष्ट्या तो अगदी अचूक आहे. खाणे ही एक क्रिया होय आणि अंगी लागणे ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये लहान आतड्याची भिंत उभी आहे. मण्याचे छिद्र मण्याच्या मधोमध असते, पण ते मण्याच्या द्रव्याचा भाग नसते. त्याचप्रमाणे अन्नमार्गाची पोकळी शरीराच्या मधून जात असली तरी खऱ्या अर्थाने ती शरीराच्या बाहेरच असते. गिळलेला घास आतड्याच्या भिंतीतून पार होऊन रक्तात पोहोचतो, तेव्हाच तो शरीराचा होतो. ही भिंत ओलांडण्याचे कार्य कसे घडते आणि ते बिघडले म्हणजे काय होते, याचा विचार येथे मुख्यतः प्रथिनांच्या बाबतीत केला आहे.

प्रथिनांची मोडणी

डाळ, दूध, अंडी, मांस, त्याचप्रमाणे गहू व ज्वारी या सर्वांत प्रथिने असतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची एक लांब साखळी होय. निसर्गातील प्रथिने मुख्यतः वीस प्रकारच्या ॲमिनो अम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ मानवी शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. तुरीचे प्रथिन आणि मानवी स्नायूचे प्रथिन यांतील घटक तेच, पण त्यांचा क्रम व प्रमाण भिन्न असते. म्हणून जुना वाडा उतरवून त्याच्याच विटांनी नवे घर बांधावे, तसे शरीराला अन्नातील प्रथिन आधी पूर्णपणे उतरवावे लागते.

ही मोडणी जठरात सुरू होते. तेथील अम्लामुळे प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पेप्सीन हे एंझाइम साखळ्या तोडू लागते. मुख्य काम मात्र लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने होते. त्या रसातील ट्रिप्सीन व तत्सम एंझाइमे साखळ्यांचे बारीक तुकडे करतात. त्यांचे काम आटोपते तेव्हा आतड्यात काही ॲमिनो अम्ले सुटी झालेली असतात. परंतु त्यांहून अधिक भाग दोन ते सहा अम्लांच्या आखूड तुकड्यांच्या रूपात असतो. या तुकड्यांना पेप्टाइडे म्हणतात. पुढील तोडणी आतड्याच्या भिंतीवर बसवलेली एंझाइमे करतात.

ही गोष्ट उलगडण्यास बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक शास्त्रज्ञांचा असा समज होता की, अर्धवट पचलेली प्रथिने आतड्याच्या भिंतीत शिरतात आणि तेथेच पुन्हा जोडली जातात. १९०१ साली ओटो कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, आतड्याच्या अस्तराच्या सान्निध्यात हे तुकडे नाहीसे होतात ते जोडले गेल्यामुळे नव्हे, तर अधिक बारीक होऊन त्यांची ॲमिनो अम्ले बनल्यामुळे. पुढे १९१२ च्या सुमारास अमेरिकेत रक्तातील ॲमिनो अम्ले मोजण्याच्या पद्धती निघाल्या. प्रथिनयुक्त आहारानंतर रक्तातील ॲमिनो अम्ले वाढतात, हे तेव्हा प्रत्यक्ष दिसून आले. अन्नातील प्रथिन मुख्यतः ॲमिनो अम्लांच्या रूपाने रक्तात येते, ही गोष्ट अशा रीतीने प्रस्थापित झाली.

एका पेशीची भिंत

लहान आतडे कित्येक मीटर लांब असते, पण त्याचे सामर्थ्य केवळ लांबीत नाही. त्याच्या आतील पृष्ठभागावर आडव्या घड्या असतात. घड्यांवर मखमलीच्या लवेप्रमाणे अगणित सूक्ष्म उंचवटे असतात. यांना रसांकुर म्हणतात. प्रत्येक रसांकुर अर्धा ते एक मिलिमीटर उंच असून निरोगी आतड्यात त्याचा आकार बोटासारखा असतो. रसांकुरावर पेशींचा एकच थर असतो. या प्रत्येक पेशीच्या पोकळीकडील टोकाला, ब्रशाच्या केसांसारखे, काही हजार अतिसूक्ष्म तंतू दाटीने उभे असतात. घड्या, रसांकुर व तंतू यांच्या योगाने पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. जुन्या पुस्तकांत हा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असल्याचे सांगितलेले आढळते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या मोजमापानुसार तो सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या खोलीच्या जमिनीएवढा भरतो. हा आकडा पूर्वीच्या मानाने लहान असला, तरी एका नळीच्या मानाने तो प्रचंडच होय.

रसांकुराच्या गाभ्यात केशवाहिन्यांचे जाळे असते. त्यांतील रक्त यकृताकडे जाते. म्हणजे अन्न आणि रक्त यांच्यामध्ये प्रत्यक्षात एका पेशीचे अंतर असते. ते मिलिमीटरच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढे भरेल.

ही पेशी अल्पायुषी असते. रसांकुरांच्या पायथ्याशी असलेल्या खोलगट भागांत नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, शिखरापाशी पोहोचून गळून पडतात. हा सर्व प्रवास तीन ते पाच दिवसांचा असतो. आठवड्याभरात आतड्याचे संपूर्ण अस्तर बदलून जाते असे म्हणण्यास हरकत नाही. गळालेल्या पेशींतील आणि पाचक रसांतील प्रथिनेही आतडे पचवून पुन्हा शोषून घेते; शरीर आपल्या विटा सहसा वाया जाऊ देत नाही. तथापि याचा दुसरा अर्थ असा की, ही भिंत सतत नव्याने बांधावी लागते, आणि बांधकामात खंड पडताच ती खचू लागते.

चाळण की पहारेकरी?

भिंत इतकी पातळ असल्यामुळे ती केवळ चाळणीप्रमाणे काम करीत असावी, असे कोणासही वाटेल. पाण्यात टाकलेली साखर जशी सर्वत्र पसरते, तशी ॲमिनो अम्ले अधिक असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे आपोआप जात असावीत. ही कल्पना खरी की खोटी, हे ठरविण्यास एक सुंदर प्रयोग उपयोगी पडला.

उजव्या पायाचा जोडा आणि डाव्या पायाचा जोडा यांचे वजन, कातडे व शिवण सारखीच असते, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ग्लायसीन वगळता सर्व ॲमिनो अम्लांचे असेच दोन प्रकार संभवतात. एकमेकांची आरशातील प्रतिमा शोभावीत असे ते असतात. प्रथिनांत त्यांपैकी एकच प्रकार सापडतो. त्यास सामान्यतः वाम प्रकार म्हणतात. दोन्ही प्रकारांचे आकारमान व विद्राव्यता एकच असल्याने चाळणीला त्यांत भेद करता येणार नाही. १९५१ साली इंग्लंडमध्ये गिब्सन व वाइझमन या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या आतड्याच्या भागांत दोन्ही प्रकारांचे समप्रमाण मिश्रण सोडले. काही काळाने पाहता वाम प्रकार अधिक वेगाने नाहीसा झालेला आढळला. भिंत निवड करीत होती.

त्यानंतर १९५४ साली विल्सन व वाइझमन यांनी एक साधी पण अत्यंत फलदायी युक्ती प्रसिद्ध केली. त्यांनी आतड्याचा लहानसा तुकडा पायमोजा उलटावा तसा उलटा केला, त्यात द्रव भरला व दोन्ही टोके बांधून पिशवी तयार केली. आता अस्तर बाहेर आणि रक्ताची बाजू आत आली. ही पिशवी प्राणवायू मिळणाऱ्या द्रवात ठेवली असता, दोन्ही बाजूंना ॲमिनो अम्लाचे प्रमाण आरंभी सारखे असूनही, थोड्याच वेळात ते आतील बाजूस वाढलेले दिसे. पाणी आपोआप चढावर जात नाही. ते चढवावे लागते. यावरून सिद्ध झाले की, आतड्याच्या पेशी ॲमिनो अम्ले प्रवाहाविरुद्ध ओढून घेतात आणि त्यासाठी शक्ती खर्च करतात.

मिठाची पाणचक्की

ही शक्ती कोठून येते? उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडले. ते नेहमीच्या मिठात, किंबहुना त्यातील सोडियममध्ये होते.

१९५७ साली येन्स स्कौ या डॅनिश शास्त्रज्ञाने पेशींच्या आवरणातील एका एंझाइमाचा शोध लावला. हे एंझाइम पंपाचे काम करते. अन्नाच्या ज्वलनातून मिळालेली शक्ती पेशीत एटीपी नावाच्या संयुगात साठवलेली असते. एटीपीचा एक रेणू खर्च करून हा पंप सोडियमचे तीन आयन पेशीबाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. या शोधाबद्दल स्कौ यांना १९९७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पंप अहोरात्र चालू असल्याने पेशीतील सोडियमचे प्रमाण बाहेरच्या मानाने सुमारे एक दशांशच राहते. त्यामुळे बाहेरील सोडियम सदैव आत शिरू पाहत असते.

१९६० साली प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी अशी कल्पना मांडली की, ग्लुकोज शर्करा पेशीत एकटी शिरत नाही. सोडियमच्या जोडीने, एकाच वाहकावर बसून शिरते. पुढील काही वर्षांत अनेक ॲमिनो अम्लांच्या बाबतीतही हेच दिसून आले. पाणचक्कीचे उदाहरण येथे चपखल बसते. उंचावरून पडणारा ओढा चाक फिरवतो आणि त्या चाकावर दळण होते. येथे पंप सोडियमला बाहेर, म्हणजे जणू उंचावर, नेऊन ठेवतो. ते खाली येताना वाहक प्रथिन ॲमिनो अम्लास आत ओढते. दळण दळले जाते ते ओढ्याच्या जोरावर, परंतु ओढ्याचे पाणी पुन्हा वर चढविण्याचा खर्च पंप करीत असतो.

पेशीत गोळा झालेली ॲमिनो अम्ले नंतर मागील बाजूच्या निराळ्या वाहकांवाटे रक्ताच्या बाजूस उतरतात. त्यांपैकी काही पेशी स्वतःच वापरते. विशेषतः ग्लुटामीन व ग्लुटामिक अम्ल हे तिचे आवडते इंधन होय.

अनेक दारे आणि एक मोठे फाटक

वीस ॲमिनो अम्लांसाठी वीस वाहक नाहीत, तसेच सर्वांना मिळून एकही नाही. ल्यूसीन, ट्रिप्टोफॅन यांसारख्या उदासीन अम्लांचे एक मुख्य दार आहे. लायसीन व आर्जिनीन ही क्षारधर्मी अम्ले आणि त्यांच्याबरोबर सिस्टीन यांचे दुसरे आहे. प्रोलीनसाठी वेगळे, आम्लधर्मी अम्लांसाठी वेगळे. एकाच दाराने जाणारी अम्ले एकमेकांशी स्पर्धा करतात. एकाची गर्दी झाली की दुसऱ्याला थांबावे लागते.

यांशिवाय एक मोठे फाटकही आहे. बराच काळ असे मानले जाई की, सुटी ॲमिनो अम्लेच काय ती पेशीत शिरतात. १९६० च्या सुमारास इंग्लंडमधील न्यूवी व स्मिथ यांना दोन अम्लांची पेप्टाइडे अखंड स्वरूपात पेशीत शिरत असल्याचा पुरावा मिळाला. त्याच दशकाच्या अखेरीस असे दिसून आले की, पुष्कळदा पेप्टाइडांच्या रूपात दिलेली अम्ले सुट्या अम्लांपेक्षा वेगाने शोषली जातात. या फाटकाचे वाहक प्रथिन १९९४ साली ओळखण्यात आले. ते सोडियमऐवजी हायड्रोजन आयनांच्या जोडीने काम करते. वीस अम्लांपासून दोन-दोनांच्या ४०० आणि तीन-तीनांच्या ८,००० जोडण्या संभवतात. हे एकच वाहक जवळजवळ त्या सर्वांना आत घेते. चार अम्लांचा तुकडा मात्र त्यातून जाऊ शकत नाही. आत शिरलेली पेप्टाइडे पेशीतील एंझाइमे तोडतात आणि रक्तात अखेर सुटी अम्लेच उतरतात. सेफालेक्सिनसारखी काही प्रतिजैविके पेप्टाइडांसारखी दिसत असल्याने याच फाटकातून शरीरात येतात. तोंडाने घेतलेली गोळी लागू पडते त्याचे एक कारण हे होय.

एक दार बंद पडले तर?

निसर्ग कधी कधी स्वतःच प्रयोग करून दाखवतो. १९५६ साली लंडनमधील डॉक्टरांनी हार्टनप नावाच्या कुटुंबातील मुलांच्या आनुवंशिक विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. उन्हात त्वचेवर लालसर चट्टे उठत, चालताना तोल जाई आणि मूत्रातून उदासीन ॲमिनो अम्ले मोठ्या प्रमाणात वाया जात. पुढे आढळले की, मूत्रपिंडाप्रमाणेच आतड्यातही त्या अम्लांचे दार बंद होते. न शोषलेले ट्रिप्टोफॅन मोठ्या आतड्यापर्यंत जाई आणि जंतू त्याचे विघटन करीत. या वाहकाचे जनुक २००४ साली सापडले.

या विकाराची लक्षणे पेलाग्रा रोगासारखी आहेत, हा योगायोग नव्हे. पेलाग्रा निकोटिनिक अम्ल या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो आणि शरीर ते जीवनसत्त्व अंशतः ट्रिप्टोफॅनपासून बनवते. सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून एक मिलिग्रॅम या प्रमाणात. दख्खनच्या पठारावर, मुख्यतः ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांत पूर्वी पेलाग्रा आढळत असे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० साली असे मत मांडले की, ज्वारीतील ल्यूसीनचे आधिक्य याच्या मुळाशी असावे. या मताला पुढे विरोधी पुरावेही मिळाले आणि वाद राहिला. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. तोच चट्टा त्वचेवर दोन मार्गांनी उमटू शकतो : ताटात आवश्यक द्रव्य कमी असल्याने किंवा ताटात असूनही आतड्याचे दार बंद असल्याने.

मग हार्टनप विकाराचे बहुतेक रुग्ण पुरेशा आहारावर सामान्य जीवन कसे जगतात? याचे उत्तर १९७० च्या सुमारास मिळाले. जे ॲमिनो अम्ल सुटे दिले असता रुग्ण शोषू शकत नसे, तेच पेप्टाइडाच्या रूपात दिले असता शोषले जाई. लहान दार बंद असले तरी मोठे फाटक उघडे होते.

या दाराची एक अलीकडील कथाही सांगण्यासारखी आहे. उदासीन अम्लांचा हा वाहक आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागावर एकटा राहू शकत नाही. त्याला एसीई-२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची सोबत लागते. २०२० साली जगभर पसरलेल्या कोरोना विषाणूने पेशीत शिरण्यासाठी याच एसीई-२ चा खुंटीसारखा उपयोग केला. जे प्रथिन आतड्यात पोषणाच्या सेवेत उभे असते, तेच विषाणूच्या हाती लागले.

कॉलऱ्यातही उघडी राहिलेली दारे

क्रेन यांच्या कल्पनेचे मोल सर्वांत अधिक कळले ते बंगालमध्ये. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावरील प्रयोगांनी दाखविले की, कॉलऱ्याचे जंतू एक विष निर्माण करतात आणि त्या विषाने आतड्यातून पाणी झिरपू लागते. पुढे असे कळून आले की, या रोगात पाणी व मीठ बाहेर लोटले जात असले तरी सोडियम-ग्लुकोजची जोडदारे शाबूत राहतात. तेव्हा मीठ आणि ग्लुकोज एकत्र पाजल्यास दोन्ही आत शिरतील व त्यांच्यामागे पाणीही शिरेल. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आल्यावर मीठ-साखरेचे पाणी मोठ्या प्रमाणावर वापरले. कॉलऱ्याच्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

ॲमिनो अम्लांची दारेही सोडियमच्या जोडीनेच उघडत असल्याने, या पाण्यात ग्लायसीन घातल्यास गुण अधिक येईल का, हाही प्रश्न निघाला. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्लायसीनमुळे कॉलऱ्याच्या रुग्णांत मीठ व पाण्याचे शोषण वाढलेले दिसले. पुढील वर्षांत अशा अनेक मिश्रणांची परीक्षा झाली. परंतु सार्वत्रिक वापरासाठी साध्या मिश्रणाहून पुरेसा अधिक लाभ सिद्ध झाला नाही. म्हणून मीठ व ग्लुकोजचे मिश्रणच प्रचारात राहिले. २००२ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी त्यातील मीठ व ग्लुकोज दोन्हींचे प्रमाण कमी केलेले मिश्रण पुरस्कृत केले.

भिंत खचते तेव्हा

एखादे दार बंद होण्याहून गंभीर स्थिती म्हणजे सबंध भिंतच खचणे. तमिळनाडूतील वेल्लोर येथे सेल्विन बेकर, मथन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकापासून या प्रश्नाचा दीर्घ अभ्यास केला. दक्षिण भारतातील निरोगी दिसणाऱ्या प्रौढांच्या आतड्यातही रसांकुर पुष्कळदा बोटांसारखे नसून आखूड व पानांसारखे पसरट असत. हे वंशामुळे असेल काय? १९६९ साली वेल्लोरच्या संशोधकांनी दाखविले की, गर्भांच्या व नवजात अर्भकांच्या आतड्यात रसांकुर बोटांसारखेच असतात. बदल जन्मानंतर होतो. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय व पाकिस्तानी लोकांच्या तपासणीत असे आढळले की, तेथील वास्तव्याची वर्षे वाढतात तशी आतड्याची रचना व शोषणशक्ती सुधारत जाते. कारण रक्तात नव्हते, परिसरात होते. दूषित पाणी, अस्वच्छता आणि वारंवार होणारे संसर्ग यांकडे संशयाचे बोट वळले.

आता लखनौच्या रुग्णांकडे परत येऊ. तेथील विभागाने प्रौढांमधील अपशोषणाच्या कारणांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला. सर्वाधिक रुग्णांत उष्ण प्रदेशात आढळणारा अपशोषण-विकार, म्हणजे स्प्रू, सापडला. त्याखालोखाल लहान आतड्यातील जंतूंची बेसुमार वाढ, आणि त्यानंतर सीलिॲक रोग. सीलिॲक रोगात गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि रसांकुर सपाट होऊ लागतात.

बाहेरून हे रुग्ण एकसारखे दिसतात. शोषणाची जागा घटल्यामुळे ॲमिनो अम्ले कमी मिळतात. यकृताला रक्तातील अल्ब्युमीन हे प्रथिन पुरेसे बनवता येत नाही. रक्तातील पाणी ऊतकांत झिरपते आणि पायांवर सूज येते. उपचार मात्र भिन्न आहेत. स्प्रूला प्रतिजैविक व फॉलिक अम्ल यांचा गुण येतो. सीलिॲक रोग्याने पोळी कायमची वर्ज्य करून भात, ज्वारी, बाजरी, मका यांकडे वळावे लागते. गव्हावर राहणाऱ्या उत्तर भारतात हा निर्णय सोपा नसतो. आणि चुकीच्या निदानाने तो घेतला किंवा टाळला तर रुग्णाची वर्षे वाया जातात. म्हणून दुर्बिणीतून आतड्याच्या अस्तराचा कण काढून तपासणे, रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे पाहणे आणि शोषणाच्या चाचण्या करणे आवश्यक ठरते. योग्य उपचार मिळाल्यास बहुतेकांची भिंत पुन्हा बांधली जाते, कारण पेशींचे नवनिर्माण थांबलेले नसते.

अंगी किती लागले, याचे मोजमाप

निरोगी माणसातही सर्व प्रथिने सारखी शोषली जात नाहीत. बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेतील संशोधकांनी हे मोजण्याची एक कुशल पद्धत वापरली. मुगाच्या रोपांना जड हायड्रोजनयुक्त पाणी घालून त्यांनी मुगाच्या प्रथिनांवर जणू खूण केली. असे मूग, निराळी खूण असलेल्या प्रमाणित प्रथिनासह, स्वयंसेवकांना खाऊ घातले आणि दोन्ही खुणांची ॲमिनो अम्ले रक्तात किती येतात ते पाहिले. अंडी व मांस यांतील आवश्यक ॲमिनो अम्ले सुमारे ९० टक्के शोषली जातात. सालीसकट मुगाच्या बाबतीत हे प्रमाण ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास भरले, आणि साल काढल्यावर त्यात स्पष्ट वाढ झाली. डाळीतील काही द्रव्ये ट्रिप्सीनला अडवतात आणि साल पचनास अडथळा करते. भिजवणे, मोड आणणे, साल काढणे व नीट शिजवणे या घरोघरच्या रीतींना यामुळे शास्त्राचा आधार मिळतो.

भाकरी आणि आमटी एकत्र खाण्यामागेही असाच अर्थ आहे. धान्यात लायसीन कमी असते, डाळीत ते भरपूर असते. डाळीत मेथिओनीन कमी, ते धान्य पुरवते. दोन्ही एकाच जेवणात आली की नऊ आवश्यक अम्लांचा संच एकाच वेळी रक्तात पोहोचतो. भारतीय आहारतज्ज्ञांनी २०२० साली प्रौढांसाठी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम उत्तम प्रतीचे प्रथिन पुरेसे ठरविले आहे. परंतु हा हिशेब ताटाचा आहे. त्यातील किती रक्तात जमा होईल, हे शिजवण्यावर आणि आतड्याच्या आरोग्यावर अवलंबून राहते.

म्हणून पोषणाचा प्रश्न केवळ धान्याच्या कोठाराचा नाही. तो स्वच्छ पाण्याचा, शौचकूपाचा, धुतलेल्या हातांचा आणि वेळेवर झालेल्या निदानाचाही आहे. ताटातील डाळ आणि अंगातील रक्त यांच्यामध्ये एकाच पेशीचा थर उभा आहे. तो दर काही दिवसांनी नव्याने उभारला जातो, आणि तो निरोगी राहिला तरच खाल्लेले अंगी लागते.